पहिल्या पावसातली रानफुलं आणि वहीतलं शून्य

जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस झाले की सह्याद्रीतल्या जंगलात एक गंमत दिसते. माती अजून नीट मुरलेलीही नसते, आणि काळ्या मुसळीची पिवळी, सहा पाकळ्यांची फुलं जमिनीला टेकून उमललेली असतात. जवळच शेवळाचा दांडा थेट मातीतून वर आलेला असतो. त्याला पान एकही नाही! ठाणे-रायगडच्या बाजारात शेवळं विकायला येतात ती याच दिवसांत.

पानच नाही तर फुलायला अन्न कुठून आलं? जमिनीखालच्या कंदातून. मागच्या पावसाळ्यात पानाने तयार केलेलं अन्न तिथे साठलेलं असतं. शेवळाचं पान फुलोऱ्यानंतर येतं, पावसाळा सरला की सुकतं. कंद मात्र उन्हाळाभर जिवंत राहतो. म्हणजे आज दिसणारं फूल ही गेल्या वर्षीची शिल्लक आहे.

आता समजा, तुम्हाला प्रश्न पडला : पाऊस लवकर आला तर फुलंही लवकर येतात का? प्रश्न साधा आहे, पण पहिल्या वर्षी मी इथेच फसले. प्रत्येक फेरीत जे फुललेलं दिसलं तेवढंच वहीत लिहिलं. काहीच दिसलं नाही त्या दिवशी पान कोरं. पुढे नोंदी एक्सेलमध्ये भरल्या, तेव्हा गाईडनी एकच विचारलं, "२० जूनला फूल दिसलं, ठीक. पण १९ला नव्हतं हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोरं पान म्हणजे फूल नव्हतं, की मी त्या जागी गेलेच नव्हते? पावसाळा वर्षातून एकदाच येतो. या प्रश्नापुरतं ते वर्ष वाया गेलं.

त्यानंतर पद्धत बदलली. जागा आधीच आखून घ्यायच्या, रोपांना क्रमांक द्यायचे, मेअखेरीपासूनच दर तीन दिवसांनी फेरी मारायची आणि फूल नसेल तर स्पष्ट '०' लिहायचं. १४ जूनला ० आणि १७ला ३ फुलं असतील, तर फुलायला सुरुवात या दोन फेऱ्यांच्या मध्ये कधीतरी झाली, इतकंच आपण म्हणू शकतो. फेऱ्यांमध्ये दहा दिवसांचं अंतर ठेवलंत, तर दोन वर्षांतला चार दिवसांचा फरक तुम्हाला दिसणारच नाही. फेऱ्या किती दिवसांनी मारायच्या, हे प्रश्न बघूनच ठरवा.

आणि हो, वनविभागाची परवानगी आधी काढा. ओळख पटवायला कंद उकरू नका, फोटो काढा. कंद गेला की पुढच्या वर्षीची नोंदही गेली.

यंदा जंगलात जाल तेव्हा फुलं मनसोक्त बघा. पण जिथे काहीच दिसलं नाही, तिथेही थांबा, तारीख घाला आणि शून्य लिहा.