पहिला कॅमेरा: बॉडी जुनी चालेल, लेन्स निवडून घ्यावी

कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत मागे पडते. जपून वापरलेली लेन्स वीस-वीस वर्षे काम देते. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. दोन्हींच्या जुन्या लेन्स आजही हातोहात विकल्या जातात. बजेट बेताचे असेल तर बॉडीवर हात आखडता घेणेच शहाणपणाचे.

हौशी कॅमेऱ्यांत बहुधा एपीएस-सी सेन्सर असतो, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४चा, पण त्याच्या बॉडीबरोबर लेन्सही महागतात. मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची २० बाय १३ इंचांची सुबक प्रिंट निघते, आणि एवढी मोठी प्रिंट घरात कितीजण लावतात?

बॉडीसोबत येणारी १८-५५ची किट लेन्स दिवसाउजेडी चोख असते. तिची दमछाक होते ती संध्याकाळी, घरात. गणपतीची आरती चालू आहे, उजेड निरांजनाचा आणि एका दिव्याचा. ५५ला झूम केल्यावर या लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. शटर १/१५ सेकंदावर येते आणि टाळ्या वाजवणारे हात फोटोत नुसते फराटे होतात. तिथेच एफ/१.८ची लेन्स नऊ-दहा पट उजेड आत घेते, शटर १/१२५च्या पुढे जाते आणि हात स्पष्ट येतात. अशी ५० मिमीची प्राइम लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी असते. मात्र एपीएस-सीवर ती फुलफ्रेमच्या ७५-८० मिमीसारखी दिसते, म्हणजे लहान खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही चौघे फ्रेममध्ये मावत नाहीत. घरगुती फोटोंसाठी ३५ मिमी बरी. भिगवणचे रोहित पक्षी टिपायचे तर ७०-३०० लागेल, पण ती घाई पहिल्या वर्षी नको.

नवे मॉडेल मिररलेसच घ्यावे, कारण कंपन्यांचे लक्ष आता तिकडे आहे. पैसे कमी असतील तर सेकंड हँड डीएसएलआर उत्तम. त्यात एक मेख आहे: निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील बॉडीत फोकसची मोटर नाही. मोटर नसलेली जुनी स्वस्त लेन्स त्यावर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो.

जुनी वस्तू घेताना शटर काउंट विचारावा. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख क्लिकचे धरतात. लेन्समधून मागून टॉर्च मारून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चांगल्या लेन्सलाही ती धरते, म्हणून कॅमेऱ्याच्या बॅगेत नव्हे, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स ठेवावी.