फॉर्म कोणाचा, निवड कोणाची?

आम्हा कारकुनांच्या लेखी फॉर्म म्हणजे भरायचा कागद. नाव, पत्ता, जातीचा दाखला जोडला आहे किंवा नाही, आणि खाली सही. परंतु गेल्या पावसाळ्यात मावळातील कुरवंडे गावी एका संध्याकाळी ‘फॉर्म’ या एकाच शब्दावरून दोन तास भांडण ऐकले आणि आमच्या डोक्यातला कागद पार भिजून गेला.

कुरवंडे म्हणजे लोणावळ्याच्या अंगाला, नागफणीच्या सुळक्यालगतचे गाव. याच कुरवंड्याच्या घाटाने १६६१ साली कारतलबखान खाली उतरला आणि उंबरखिंडीत सापडला. चुकीची निवड किती महागात पडते, हे या गावाला नव्याने सांगायला नको! आम्ही गेलो होतो मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला. अर्ज बाजूलाच राहिले. तालुक्यातील एका शाळेच्या कबड्डी संघाची यादी त्याच दिवशी फळ्यावर लागली होती. सतरा वर्षांखालील बारा मुले. गेल्या वर्षी त्या संघात चढाया करणारा गावातला एक मुलगा यंदा बाराव्या नावातसुद्धा नव्हता.

त्याच्या जागी आलेल्या मुलाने निवडीच्या दिवशी नऊ गुण मिळवले होते. आमच्या मुलाने दोन. शाळेच्या सरांचे म्हणणे सरळ होते : “फॉर्म गेलाय त्याचा.” झाले! कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे, खेळात दयामाया नसते, आज जो खेळेल तोच आत. दुसरा म्हणे, काही नाही, आपला पोरगा म्हणून डावलला. हे दुसरे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकले आहे, आणि इतक्यांदा ते खरे निघाले आहे, की ऐकताक्षणी आमचीही मान हलली. नंतर चौकशी केली. निवड झालेला मुलगा धनगरवाड्यावरचा निघाला. रोज डोंगर उतरून शाळेत येणारा. त्याच्या घरी आपल्यापेक्षा काही अधिक आहे, असे म्हणायला तोंड नाही. त्याला दोष देणार कसा?

आणि आपला मुलगा? निवड सोमवारी होती. रविवारी पावसाळी गर्दीत तो दिवसभर टायगर पॉइंटला भाजलेली कणसे विकत उभा होता. रात्री नऊला घरी आला. सोमवारी पाय जड होते. याला फॉर्म गेला म्हणावे, की रविवार गेला म्हणावे?

त्याची आई लोणावळ्यात बंगल्यांवर धुण्याभांड्यांची कामे करते. ती एवढा वेळ गप्प होती. उठता उठता ती एवढेच म्हणाली, “भाऊसाहेब, माझ्या पोराला घेतलं न्हाई तर न्हाई. पर का न्हाई घेतलं, येवढं कागदावं लिहून द्या म्हनावं त्यास्नी.”

दोन तासांच्या भांडणात कामाचे असे हे एकच वाक्य. कारण कागद कोणापाशीच नव्हता. गेल्या वर्षी मुलाने किती चढाया केल्या, किती गुण आणले, किती वेळा बाद झाला, हे ना सरांकडे, ना गावाकडे, ना मुलाकडे. सर एका सोमवारवर बोलत होते आणि आपण गेल्या वर्षीच्या एका चढाईवर. ती चढाई सगळ्या गावाला पाठ, पण त्याच सामन्यात तो किती वेळा पकडला गेला ते कोणाला आठवेना.

यावरून २०१६ सालची कल्याणची गोष्ट आठवली. प्रणव धनावडे हे नाव वाचक विसरले नसतील. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पंधरा वर्षांचा मुलगा, के. सी. गांधी शाळेचा. मुंबई क्रिकेट संघटनेच्या भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत ४ आणि ५ जानेवारीला त्याने नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमधील कॉलिन्स नावाच्या शाळकरी मुलाने १८९९ साली केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने पहिल्याच दिवशी मोडला. शाळेने तीन बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या संघाच्या पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्या डावात ५२ धावा झाल्या. घरोघरी पेढे वाटावेत असा आनंद आपल्या वस्त्यांतूनही झाला, कारण रिक्षावाल्याचा मुलगा म्हणजे आपलाच मुलगा.

त्याच वर्षी मे महिन्यात पश्चिम विभागाचा सोळा वर्षांखालील संघ जाहीर झाला. त्यात सचिन तेंडुलकर यांचे चिरंजीव अर्जुन होते, प्रणव नव्हता. लगेच मोबाइलवर निरोप फिरू लागला : हजार धावा करणारा गरीब घरी, थोरामोठ्याचा मुलगा संघात! सोबत एकलव्याचा अंगठाही आला. खरे सांगतो, तो निरोप आम्हीही चार जणांना पुढे पाठवला. वाचून रक्त तापले होते.

दोन दिवसांनी माहिती आली. पश्चिम विभागाचा संघ निवडतात तो आपापल्या राज्य संघटनेच्या संघातून त्या मोसमात खेळलेल्या मुलांमधून. मुंबईचा सोळा वर्षांखालील संघ प्रणवच्या त्या खेळीच्या आधीच ठरला होता. अर्जुन त्यात होता, प्रणव नव्हता. म्हणजे प्रणवला वगळून अर्जुनला घेतले, असे घडलेच नव्हते. प्रणवचे नाव त्या टेबलापर्यंत पोहोचलेच नव्हते. खुद्द त्याच्या वडिलांनी सांगितले की आमची तक्रार नाही, दोघे मुलगे एकमेकांचे मित्र आहेत. ज्यांच्या मुलावर अन्याय झाला म्हणून आम्ही ओरडत होतो, तेच आम्हाला शांत व्हा म्हणत होते! चारही जणांना फोन करून ‘तो निरोप चुकीचा होता’ असे सांगावे लागले. त्यातला एक अजून मानत नाही.

आता त्या हजार धावांचेही नीट पाहू. मैदान लहान होते. समोरचा संघ कच्चा आणि वयाने कोवळा होता. यात प्रणवचा काही दोष नाही. समोर येईल त्या चेंडूला मारायचे, हे त्याचे काम. दोन दिवस न थकता उभे राहणे हीच केवढी गोष्ट! परंतु एका खेळीवरून, मग ती केवढीही मोठी असो, मुलाचा फॉर्म ठरत नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला महिना दहा हजार रुपयांची पाच वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढे त्याच्या धावा आटल्या. तेव्हा २०१७ साली त्याच्या वडिलांनी संघटनेला पत्र लिहिले, की सध्या मुलाचा खेळ होत नाही, तरी शिष्यवृत्ती थांबवावी. महिना दहा हजार म्हणजे रिक्षावाल्याच्या घरात काय असते, ते आपल्याला ठाऊक आहे. बी.कॉम. झाल्यापासून जमाखर्च लिहितो आहे, पण स्वतःच्या हाताने जमेची बाजू खोडणारा असा माणूस आमच्या पाहण्यात नाही. मात्र एवढ्या लवकर त्या मुलाच्या डोक्यावर हजाराचे ओझे ठेवणाऱ्या आपण सगळ्यांनी तेव्हा थोडे खाली बघायला हवे होते.

कोणी म्हणेल, म्हणजे डावलणे वगैरे सगळे खोटे आणि आकडे तेवढे खरे? तसे असते तर पालवणकर बंधूंची कथा घडलीच नसती. चर्मकार समाजातील बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामे करीत आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी टाकीत. हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. पण चहा द्यायचा तो बाहेर, मातीच्या भांड्यातून. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेथे बाळूंनी ११४ बळी घेतले. यापेक्षा मोठा फॉर्म कोणता? तरीही कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळले, आणि बंधू विठ्ठल यांचा हक्क असताना कप्तानपद दुसऱ्याला दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. मग धावपळ झाली, भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. पुढे १९३७च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव जरा हात आखडून घेतले जाते. ते राजकारण त्या जागी. तरुणपणी बाबासाहेबांनाही या गोलंदाजाचा अभिमान होता.

लक्षात घ्या, भावांना भांडता आले ते कशाच्या बळावर? त्यांच्या नावापुढे बळी आणि धावा छापून आल्या होत्या. वहीत नोंद असली म्हणजे न्याय मिळतोच असे नाही. पण नोंदच नसेल तर भांडायला जमीन राहत नाही.

दुसरी गोष्ट दूरची आहे. दक्षिण आफ्रिकेत रग्बी हा आपल्या कबड्डीसारखा अंगाला अंग भिडणारा खेळ. पंधरा-पंधरा जण, लांबट चेंडू. तेथील शाळाशाळांतून या खेळाचे वेड असे, की कोणत्या मुलाला संघात घेतले यावर घरोघरी वाद. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या शाळांचा तो जणू वतनाचा खेळ होता. १९९५ साली त्यांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात गोरा नसलेला एकटा चेस्टर विल्यम्स. सिया कोलिसी हा मुलगा १९९१ साली जन्मला, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या काळ्यांच्या गरीब वस्तीत. पहिल्या मोठ्या निवड चाचणीला त्याच्याकडे खेळाची चड्डी नव्हती. आतल्या चड्डीवरच तो मैदानात उतरला. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत त्याचा खेळ कोणाच्या तरी नजरेत भरला आणि ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. राहणे, जेवण, बूट, सगळे. २०१८ साली तो कसोटी संघाचा पहिला काळा कप्तान झाला, आणि २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक त्याने उचलले.

या मुलाला बाराव्या वर्षी एका सोमवारच्या गुणांवर जोखले असते तर? निवडणाऱ्याने त्याचा खेळ पाहिला आणि पोटही पाहिले. आपल्या शाळांतून कोणी विचारते का, की पोरा, काल काय खाल्लेस, काल कुठे होतास?

काही पालक म्हणतात, शाळेचा खेळ तो काय, त्यावर इतका काथ्याकूट कशाला. त्यांना हिशेब सांगतो. शालेय स्पर्धा तालुक्यातून जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. वरच्या पायऱ्यांवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. राज्य पातळीवर चमकला, प्रमाणपत्र खरे ठरले, तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. तालुक्याच्या बारा नावांत ज्याचे नाव नाही, त्याची ही शिडी पहिल्याच पायरीला तुटते. आमच्या कचेरीत खेळाडू कोट्यातून आलेले सहकारी आम्ही पाहतो. त्यांच्यात डोंगरवाडीचा एकही नाही.

तेव्हा भांडायचे असेल तर ते कोणाला घेतले यावर नंतर भांडू. आधी विचारावे, निवडीची तारीख पंधरा दिवस अगोदर फळ्यावर लागली होती का? निवड एका दिवसाची होती की चार दिवसांची? पाहणारे एकटे सर होते की आणखी कोणी? गुण कोणी लिहिले? एवढे विचारायला कोणाचा अपमान होत नाही. सरांनाही ते हवेच असते. एकटा माणूस, शंभर पोरे, वर परीक्षेचे पेपर तपासणे, त्यांचीही दमछाक आम्ही पाहिली आहे.

पुढच्या रविवारी आम्ही कुरवंड्याला परत गेलो. सोबत कचेरीत वापरतो तशी पुठ्ठ्याची रेघी वही दुकानातून विकत घेऊन नेली. (कचेरीतली उचलली नाही, हे सांगितलेले बरे.) रकाने आखले : तारीख, समोरचा संघ, चढाया, गुण, बाद, पकडी. पकडीचा रकाना डाव्या कोपऱ्यातल्या एका बुटक्या मुलाने हट्टाने घालायला लावला. म्हणाला, “काका, चढाईवाल्याचं नाव सगळे घेतात. मी घोटा धरतो ते कुणी मोजतच नाही.” यादीतून गळलेला मुलगाही आला होता. त्या दिवशी त्याची आई कणसांच्या गाडीवर उभी राहिली आणि तो मैदानात. धनगरवाड्याच्या मुलालाही त्यानेच हाक मारून आणले.

पावसाची उघडीप होती. दोन डाव झाले. लिहायला गावातली एक नववीतली मुलगी बसली, अक्षर सुरेख. पहिली ओळ : चढाया चौदा, गुण पाच, बाद तीन. ती वाचून दाखवताच आपला मुलगा उसळला, “तीन नाही, दोन! तिसऱ्यांदा मी रेषेला टेकलो होतो.”

“रेषा दिसत होती का?” मुलीने विचारले.

कोणालाच दिसत नव्हती. चिखलात ती केव्हाच पुसली होती. तिने तिसऱ्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढले, आणि दोघे जण फक्की आणायला गावात पळाले.