जुन्या पीसीत 4 टीबीची डिस्क टाकताय? आधी या तीन गोष्टी तपासा



बिलिंग, स्टॉक, जीएसटीचा हिशोब, सगळं दुकानातल्या एका जुन्या पीसीवर चाललंय आणि जागा संपत आलीय. मग आपण म्हणतो, "घ्यायचीच तर मोठी घेऊ," आणि थेट 4 टीबीची हार्ड डिस्क आणतो. जोडल्यावर वापरता येते जेमतेम निम्मी! डिस्क खराब नसते, विक्रेत्याने फसवलेलंही नसतं. मोजण्याची पद्धत जुनी असते.

असं का होतं?

समजा, तुमच्या पावती पुस्तकात नंबरासाठी तीनच चौकटी छापल्यात. 999 नंतरची पावती कशी फाडणार? डिस्कचंही तसंच आहे. डिस्कवर साधारण 512 बाइटचे कप्पे धरले जातात, त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला नंबर असतो. त्या नंबरासाठी किती जागा ठेवलीय, त्यावर मर्यादा ठरते.

- 528 एमबी: 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचे बायोस इथे अडकायचे.
- 137 जीबी: 28 बिटचा नंबर, म्हणजे सुमारे 26.8 कोटी सेक्टर. मूळ विंडोज एक्सपीची हीच अडचण होती. 2002 च्या सर्व्हिस पॅक 1 मध्ये 48 बिटची सोय आली.
- 2.2 टीबी: एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत 32 बिटचा नंबर असतो, म्हणजे सुमारे 429 कोटी सेक्टर. आज आपण अडकतो ते इथेच.

खरा धोका जागेचा नाही, डेटाचा आहे

999 नंतर पुन्हा 000 पासून लिहायला लागलात तर? जुन्या नोंदीवर नवी नोंद! 137 जीबीच्या मर्यादेपलीकडे लिहिताना जुन्या सिस्टिममध्ये असाच डेटा खराब होऊ शकतो. आणि जीएसटीच्या नोंदी तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने सांभाळायच्या असतात. म्हणून पहिलं काम बॅकअप, मग खरेदी.

खरेदीआधी काय बघायचं?

1. विंडोज कोणती? 32 बिटची एक्सपी असेल तर 2 टीबीच्या वर जाऊच नका. तिला जीपीटी ही नवी पद्धत कळत नाही.
2. बायोस मोड कोणता? विंडोज 10 मध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" उघडा. तिथे "यूईएफआय" दिसलं तर उत्तम. "लेगसी" असेल तर जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होणार नाही. मग विंडोज छोट्या एसएसडीवर ठेवा आणि मोठी डिस्क फक्त डेटासाठी लावा. विंडोज 7 पासून पुढे हे चालतं.
3. पार्टिशन कोणतं? नवी डिस्क पहिल्यांदा जोडली की डिस्क मॅनेजमेंट विचारतं: एमबीआर की जीपीटी? 2 टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटीच निवडा. हे डिस्क रिकामी असतानाच करा. नंतर तिथून बदलायचं म्हटलं तर सगळे पार्टिशन काढावे लागतात, म्हणजे डेटा गेला.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरलाही हाच नियम. माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टला जास्तीत जास्त किती टीबी चालते ते दिलेलं असतं. ते वाचूनच डिस्क घ्या.

आणि तुम्ही स्वतः पीसी रिपेअरिंग किंवा सेकंडहँड कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरणार असाल, तर ही तीन उत्तरं कोटेशनमध्येच लिहा. डिस्क विकण्याआधी ग्राहकाला "तुमच्या मशीनला एवढी चालणार नाही" असं सांगणारा माणूस ग्राहक विसरत नाही.