घरच्या घरी जर्मन गोड बन: घड्याळ नव्हे, पीठ पाहा

बनारसची सकाळ म्हणजे कचोरी-जिलबी. पण दशाश्वमेध घाटापासून अस्सी घाटापर्यंतच्या गल्ल्यांत फिरलात, तर अॅपल पाय आणि सिनॅमन रोलच्या पाट्याही दिसतात. परदेशी प्रवाशांची वर्दळ असते तिथे अशा बेकऱ्या येतातच. पुणेकरांना कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी आठवेल. बनारसच्या ब्राऊन ब्रेड बेकरीचे नावही प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत आलेले आहे.

असा मऊ, गोड बन खाल्ला की मनात येते, हा घरी जमेल का? नक्की जमेल. बहुतेक साहित्य वाण्याकडेच मिळते. तरीही अनेकांचा पहिला घाणा फसतो. बन दगडासारखे होतात, नाहीतर आंबूस लागतात. मग दोष यीस्टला, ओव्हनला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो. खरी चूक बहुधा पाककृतीतल्या एका ओळीची असते: ‘पीठ उबदार जागी एक तास ठेवा.’

तो एक तास कुणाचा?

तो तास थंड देशातल्या स्वयंपाकघराचा आहे. बनारसमध्ये जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांखाली जातो आणि मे महिन्यात दुपारी 40 च्या वर चढतो. नागपूर-जळगावकरांनाही असा उन्हाळा नवा नाही. यीस्ट हा जिवंत जीव आहे. थंडीत तो सुस्तावतो, उकाड्यात झपाट्याने काम करतो. जानेवारीत जे पीठ तीन तासांतही नीट फुगत नाही, तेच मेमध्ये पाऊण तासात दुप्पट होऊ शकते. इडलीचे पीठ उन्हाळ्यात लवकर आंबते हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथेही तोच हिशेब लावायचा.

कोणता बन करायचा?

सुरुवातीला बव्हेरियातले ‘रोरनूडल’ करून पाहा. नाव नूडल असले तरी हा शेवयांचा प्रकार नाही. तिकडच्या बोलीत ‘रोर’ म्हणजे ओव्हन. आत फळ किंवा जॅम भरलेले हे गोळे एकमेकांना चिकटून भाजतात, अगदी आपल्या पावाच्या लादीसारखे. ऑस्ट्रियात यांना ‘बुख्टेल’ म्हणतात. पारंपरिक सारण आलुबुखारचे किंवा चेरीचे असते. तुम्ही आंब्याचा घट्ट जॅम, पेरूची जेली किंवा पाक निथळून बारीक चिरलेला मोरावळा वापरू शकता.

साहित्य (9 बन, अंड्याशिवाय)

• मैदा 300 ग्रॅम
• इन्स्टंट ड्राय यीस्ट 4 ग्रॅम (सव्वा छोटा चमचा)
• साखर 45 ग्रॅम
• दूध सुमारे 180 मिली
• मऊ लोणी 50 ग्रॅम
• मीठ अर्धा छोटा चमचा
• एका लिंबाच्या सालीचा कीस (फक्त पिवळा भाग)
• घट्ट जॅम 9 छोटे चमचे
• भांड्यासाठी 25 ग्रॅम वितळलेले लोणी आणि 1 मोठा चमचा साखर

कृती

1. मैदा, यीस्ट, साखर, मीठ आणि लिंबाचा कीस एकत्र करा. दूध थोडे थोडे घालत पीठ भिजवा. दूध कोमट, म्हणजे बोटाला जेमतेम उबदार लागेल इतकेच असावे. कढत दुधात यीस्ट मरते.

2. लोणी घालून 10 ते 12 मिनिटे मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. घाबरून मैदा वाढवू नका, तिथेच बन कोरडे होतात. मळत राहिलात की पीठ गुळगुळीत होते.

3. पिठाची सुपारीएवढी गोळी उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि तिच्या उंचीवर रबरबँड लावा. उरलेले पीठ झाकून ग्लासाशेजारी ठेवा. गोळी दुप्पट उंच झाली की मोठे पीठही तयार झाले समजा.

4. पिठाचे 9 गोळे करा. पुरणपोळीचा उंडा भरतो तसे मध्ये जॅम ठेवून तोंड घट्ट बंद करा. सारण गार आणि घट्ट हवे, नाहीतर शिवण सुटून पाक बाहेर येतो.

5. आठ इंची चौकोनी भांड्यात लोणी आणि साखर पसरा. शिवण खाली करून गोळे जवळजवळ मांडा आणि झाकून पुन्हा फुगू द्या.

6. आता बोटाला मैदा लावून गोळा हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला, तर अजून थांबा. हळूहळू आणि अर्धाच भरला, तर भाजायला घ्या. गोळाच खाली बसला, तर उशीर झाला. अशा वेळी गोळे बदलू नका, लगेच भाजा. बन थोडे चपटे होतील, पण खाण्याजोगे होतील.

7. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटे भाजा. वरून सोनेरी आणि तळाला साखरेचा खमंग थर आला पाहिजे.

हवा पाहून बदल

कडक थंडीत पीठ बंद ओव्हनमध्ये ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवा. ओव्हन मात्र चालू करू नका. पाणी निवले की बदला. उन्हाळ्यात यीस्ट निम्मे करा आणि फ्रिजमधले गार दूध वापरा. उकाडा फारच असेल, तर रात्री मळलेले पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गोळे करा. संथ फुगलेल्या पिठाला चवही जास्त येते.

ओव्हन नाही?

म्हणून थांबू नका. याच पिठाचा ‘डाम्फनूडल’ हा भाऊ झाकणाच्या भांड्यात वाफेवर होतो. यात सहसा सारण भरत नाहीत. जाड बुडाच्या पसरट भांड्यात 100 मिली दूध, 25 ग्रॅम लोणी आणि 1 चमचा साखर गरम करा. फुगलेले, साधे 4-5 गोळे अंतर ठेवून मांडा. घट्ट झाकून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे शिजवा. मध्ये झाकण उघडू नका, गोळे बसतात. त्याऐवजी कान द्या. आधी दूध उकळल्याचा आवाज येतो, मग दूध आटून चर्र असा आवाज सुरू होतो. तो आला की दोन मिनिटांत गॅस बंद करा. बन वरून पांढरेशुभ्र, तळाशी खरपूस होतात.

दोन्ही प्रकार जर्मनीत व्हॅनिला सॉसबरोबर खातात. 300 मिली दुधात 1 मोठा चमचा कस्टर्ड पावडर आणि 2 चमचे साखर घालून शिजवलेले पातळ कस्टर्ड चालेल. दुधाने सैल केलेली रबडी तर बनारसला साजेशीच. दुसऱ्या दिवशी बन कडक वाटले, तर इडलीपात्रात दोन मिनिटे वाफवा.

पहिल्यांदा कराल तेव्हा एका कागदावर तारीख, हवा कशी होती आणि पीठ किती वेळात दुप्पट झाले ते लिहून ठेवा. मुलांना ग्लासातल्या रबरबँडवर लक्ष ठेवायचे काम द्या, ती आवडीने करतील. तीन-चार वेळा केलेत की जर्मन पाककृतीतला तो एक तास तुमच्या घरात किती वेळाचा असतो, हे तुम्हाला कुणाला विचारावे लागणार नाही.