‘प्रयाण’ कुणाचे आणि कुठे?

तेलुगूत ‘प्रयाणिकुलु’ म्हणजे तिकीट काढून बसमध्ये चढलेले प्रवासी. कन्नडातही ‘प्रयाण’ म्हणजे साधा प्रवास. बंगालीत मात्र ‘प्रयाण दिवस’ म्हणजे मृत्युदिन. शब्द एकच, संस्कृतचा. भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायातला ‘प्रयाणकाल’ हा मरणकाळच आहे. आपला ‘प्रेत’ शब्दही तसाच : प्र + इत, पुढे गेलेला.

या शब्दांत एक गृहीत दडले आहे, असे आम्ही मानतो. प्रवास म्हटला की प्रवासी आला, म्हणजे आत्मा आला. शिदोरी म्हणून पिंड आला, वाट दाखवणारा भटजी आला. भाडे मात्र घरच्यांनी भरायचे!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानाला नकार आहे. ६ डिसेंबरला आम्ही ‘महापरिनिर्वाण’ म्हणतो. निर्वाण म्हणजे विझणे. त्यात परलोकाची वाट नाही.

सरकारी दाखल्यावरही ‘मृत्यू’च लिहिलेला असतो, ‘स्वर्गवास’ नव्हे. मग बौद्ध घरांच्या शोकपत्रिकेवर ‘कैलासवासी’ कशाला? आमच्याकडे ‘कालकथित’ आहे, ‘पुण्यानुमोदन’ आहे. बांधवांनो, छापखान्यातला तयार मजकूर आधी वाचा, मगच होकार द्या.