विश्लेषण : जुना ट्रक चालता चालता अचानक बंद का पडतो? नेमका बिघाड शोधायचा कसा?

घाट चढताना ट्रक दोनदा बंद पडतो, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होतो आणि गॅरेजच्या दारात मात्र तासभर बिनतक्रार चालतो. जुन्या मालवाहू गाड्यांच्या मालक-चालकांची ही नेहमीची तक्रार आहे. बिघाड कायमचा असेल तर तो सापडतो, अधूनमधून येणारा बिघाड मात्र हुलकावणी देतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. आधी फिल्टर, मग फीड पंप, मग नोझल आणि शेवटी महागडा डिझेल पंप. खरा दोष अनेकदा चिरलेली नळी, बुजलेले छिद्र किंवा सैल वायर एवढाच असतो. तो शोधण्यासाठी ‘काय बदलायचे’ यापेक्षा ‘गाडी कधी आणि कशी बंद पडते’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

हा बिघाड धोकादायक का?

एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवरच चालतो. इंजिन थांबले की टाक्यांत साठलेल्या हवेवर भागवावे लागते आणि पेडल दाबले की ती दर वेळी कमी होते. हवा फारच घटली तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी आहे त्याच लेनमध्ये अडकते. लहान ट्रकांत व्हॅक्यूमची मदत संपून पेडल कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. बोरघाट किंवा कसारा घाटात भरलेल्या गाडीसाठी हे काही सेकंद जिवावर बेतू शकतात.

इंजिन सुरू राहण्यासाठी काय लागते?

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा, दाब आणि योग्य वेळी डिझेल एवढे मिळाले की ते चालते. झिजलेल्या इंजिनाचा दाब दहा मिनिटांत जाऊन परत येत नाही. त्यामुळे थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत पहिला संशय डिझेलच्या पुरवठ्यावर किंवा तो तोडणाऱ्या विजेच्या जोडणीवर घ्यावा.

देशभर बीएस-४ मानके एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या अनेक ट्रकांत यांत्रिक डिझेल पंप आहे. त्यानंतरच्या गाड्यांत प्रामुख्याने संगणकावर चालणारी कॉमन रेल यंत्रणा आहे. दोन्हींचा तपास काही अंशी वेगळा असतो.

गाडी बंद पडण्याची पद्धत काय सांगते?

- आचके देत, ओढ कमी होत बंद पडली : डिझेल कमी पडते आहे किंवा लाइनमध्ये हवा आहे.
- चावी फिरवल्यासारखी एका क्षणात बंद : वायरिंग, स्टॉप सोलेनॉइड किंवा सेन्सरवर संशय.
- बंद पडण्याआधी दाट काळा धूर : इंजिनला हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्या तपासा.
- तापमानाची सुई लाल पट्ट्यात किंवा ऑइलचा दिवा लागलेला : गाडी पुन्हा सुरू करू नका. इंजिन जाम होऊ शकते.

कधी बंद पडते, हे का महत्त्वाचे?

तासाभराने बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाजाने हवा आत ओढली जाते? मग टाकीला हवा देणारे छिद्र चिखल-धुळीने बुजलेले असू शकते. डिझेल कमी होत जाते, पण त्याच्या जागी हवा येत नाही. आत निर्वात तयार होऊन पंपाला डिझेल ओढता येत नाही. ते छिद्र साफ करणे हाच उपाय असतो.

टाकी पाव भरलेली असताना चढावरच बंद पडते? मग डिझेल ओढणारी नळी टाकीच्या आत चिरलेली असू शकते. चिरेच्या खाली पातळी गेली की ती हवा ओढू लागते.

भार आला की दम तोडते, पण आयडलला ठीक चालते? फिल्टर चोंदलेला असू शकतो किंवा टाकीतला कचरा नळीच्या तोंडाशी येत असतो. इंजिन थांबले की ओढ थांबते, कचरा बाजूला तरंगत जातो आणि गाडी पुन्हा सुरू होते. फिल्टर बदलूनही तक्रार राहते ती यामुळेच. अशा वेळी टाकी उतरवून धुवावी लागते.

एक्झॉस्ट ब्रेक लावताच बंद पडते? अनेक जुन्या गाड्यांत हा ब्रेक लावला की डिझेलही तोडले जाते. त्याचा सिलिंडर अडकला किंवा लिव्हरचे सेटिंग बिघडले तर इंजिन पुन्हा उचल घेत नाही.

डिझेल गळत नाही, तरी हवा कशी शिरते?

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग हा ओढीचा भाग. तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे बारीक भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी कोरडी दिसते आणि मेकॅनिक पुढे सरकतो. फीड पंपानंतर मात्र दाब असतो, तिथली गळती डोळ्यांना दिसते.

संशयाच्या जागा ठरलेल्या असतात : कडक झालेली रबरी नळी, सैल क्लिप, पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचे सील आणि हँड प्रायमर. सकाळी गाडी उशिरा सुरू होत असेल तर संशय आणखी पक्का होतो, कारण रात्रभरात हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरलेले असते.

गॅरेजमध्ये तपासाचा क्रम काय असावा?

१. गाडी बंद पडताच हँड प्रायमर मारून पाहा. बरेच पंप मारल्यावरच गाडी सुरू होत असेल तर दोष डिझेलच्या बाजूला आहे.

२. पाणी वेगळे करणारे भांडे काचेच्या बाटलीत रिकामे करा. डिझेलच्या खाली पाण्याचा थर किंवा काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीही दूषित आहे.

३. फीड पंपाच्या अगदी आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे सलग दिसले तर हवा टाकी आणि त्या जागेच्या दरम्यान शिरते आहे.

४. गाडी उभी ठेवून पंपाची नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडा, रिटर्नची नळीही त्यातच ठेवा. तक्रार थांबली तर दोष टाकी किंवा तिच्याकडून येणाऱ्या लाइनमध्ये आहे.

या चारही तपासण्यांना फारसा खर्च येत नाही. त्या होईपर्यंत डिझेल पंप खोलू देऊ नये.

वायरिंगचा दोष कसा ओळखायचा?

काही गाड्यांत स्टॉप सोलेनॉइडला वीज मिळत असेपर्यंतच इंजिन चालते, काहींत वीज मिळाली की ते बंद होते. पहिल्या प्रकारात झिजलेला चावी स्विच, सैल फ्यूज किंवा गंजलेले अर्थिंग पुरेसे ठरते. दुसऱ्या प्रकारात चॅसीवर घासलेली वायर चुकून वीज पोहोचवते. खड्ड्यात किंवा पावसात बंद पडणारी गाडी या गटात येते. इंजिन चालू ठेवून वायरिंग एका टोकाकडून हळूहळू हलवत नेणे ही जुनी पण उपयोगी पद्धत आहे. पंखा आणि पट्ट्यांपासून हात मात्र दूर ठेवावा.

कॉमन रेल गाडीत वेगळे काय?

इथे क्रँक सेन्सर हा नेहमीचा संशयित. तो तापला की सिग्नल देणे थांबवतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो. स्टार्टर मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्य दिसले तर आधी त्याची जोडणी तपासावी. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढावा. रेलमध्ये हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो, त्यामुळे चालू इंजिनात नोझलची नळी सैल करणे जिवावर बेतू शकते.

रस्त्यात बंद पडला तर काय करावे?

उतारावर असाल तर गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये चाके इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप काही प्रमाणात चालतो. ब्रेक वारंवार न दाबता एकदाच दाबून गाडी डाव्या कडेला घ्या. हॅझर्ड लाइट लावा, चाकांना ओटी द्या, मागे परावर्तक त्रिकोण ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

मेकॅनिकला काय सांगावे?

‘मध्येच बंद पडते’ एवढे सांगणे पुरेसे नाही. प्रत्येक वेळी मोबाइलवर सहा गोष्टी नोंदवा : सुरू केल्यापासूनचा वेळ, टाकीतली पातळी, चढ की उतार, भार, धुराचा रंग आणि पुन्हा सुरू व्हायला लागलेला वेळ. तीन-चार नोंदींत साम्य दिसू लागते आणि तपास कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरते.