नौदलाची क्रीडापदके

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश नौदलातील क्रीडास्पर्धांच्या विजेत्यांना छोटी पदके दिली जात. शौर्यपदकांसारखी ती सरकारी नव्हती. गणवेशावर लावायची मुभा नव्हती. त्यामुळे बराच काळ त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि आजही ती तुलनेने कमी पैशांत मिळतात.

पदकांची संख्या मोठी असण्याचे कारण स्पर्धांच्या रचनेत आहे. मुष्टियुद्ध, फुटबॉल, वॉटर पोलो, नेमबाजी हे खेळ होतेच. पण सर्वांत मानाची असे ती वल्हवण्याची शर्यत. भूमध्य समुद्रातील ताफा माल्टाला, तर ब्रिटनजवळचा ताफा स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन किंवा स्कापा फ्लो येथे जमला, की जहाजाजहाजांत चुरस लागे. डेकवरचे खलाशी, बॉयलरवरचे स्टोकर, मरीन सैनिक, पोरसवदा शिकाऊ आणि अधिकारी यांच्या शर्यती वेगवेगळ्या होत. व्हेलर नावाची २७ फुटी होडी पाच जण वल्हवत, ३२ फुटी कटरला बारा वल्हेकरी लागत. सुकाणूवाला धरला, तर कटरच्या एकाच शर्यतीतून तेरा सारखी पदके निघत. एकूण गुणांत पहिले आलेले जहाज ‘कॉक ऑफ द फ्लीट’ म्हणून मिरवे आणि कोंबड्याची प्रतिकृती अभिमानाने लावी.

पदके बहुधा ब्राँझ किंवा चांदीची असत, सोन्याची क्वचित. आकार रुपयाच्या नाण्याएवढा किंवा थोडा मोठा. घड्याळाच्या साखळीत अडकवता यावे म्हणून अनेकांना वर कडी असते. पुढच्या बाजूला होडी, नांगर किंवा खेळाडूची आकृती, मागे जहाजाचे नाव, शर्यत आणि वर्ष. विजेत्याचे नाव मात्र पुष्कळदा नसतेच.

चांदीच्या पदकावरचे बारीक शिक्के भिंगातून नीट वाचावे लागतात. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. त्याशेजारी नांगर दिसला, की नवशिक्याला ती नौदलाची खूण वाटते. प्रत्यक्षात नांगर हे बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचे चिन्ह आहे. तेथे तपासलेल्या चमच्यावरही तोच असतो. पुढचे अक्षर तपासणीचे वर्ष सांगते. दुकानदार कोरी पदके साठवून ठेवत, म्हणून शिक्का शर्यतीच्या आधीचा असणे स्वाभाविक आहे. तो शर्यतीनंतरचा निघाला, तर संशय घ्यावा.

ताफ्याच्या नावावरूनही काळ ठरवता येतो. युद्धानंतरचा ‘अटलांटिक फ्लीट’ १९१९ मध्ये उभा राहिला आणि १९३२ मध्ये त्याचे नाव ‘होम फ्लीट’ झाले. ही दोन्ही नावे पहिल्या महायुद्धापूर्वीही वापरात होती, म्हणून शिक्का ताडून पाहणे आवश्यक ठरते. भारतापुरती अशीच एक खूण आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘रॉयल इंडियन मरीन’मध्ये रत्नागिरीकडचे पुष्कळ खलाशी होते. १९३४ मध्ये या दलाचे नाव ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाले. त्यामुळे जहाजाच्या नावाआधी ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) ही अक्षरे असलेले पदक त्यानंतरचे मानता येते.

किंमत धातूपेक्षा जहाजाच्या नावावर अवलंबून असते. ‘हूड’ ही युद्धनौका २४ मे १९४१ रोजी बुडाली. तिच्यावरच्या १,४१८ जणांपैकी फक्त तिघे वाचले. अशा जहाजाच्या पदकाला मागणी जास्त, म्हणून कोऱ्या जुन्या पदकावर मागाहून नाव कोरण्याचा मोहही जास्त. अस्सल पदकावर अक्षरे आणि पृष्ठभाग सारखेच झिजलेले असतात. झिजलेल्या पदकावर अक्षरांच्या कडा तेवढ्या धारदार असतील किंवा जुने ओरखडे अक्षरांखाली जात असतील, तर पदक घेऊ नये. विजेत्याचे नाव असेलच, तर लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात खलाशांच्या सेवानोंदी आणि जहाजांच्या रोजनिशा पाहता येतात.

चांदीवर चढलेला काळपटपणा घासून काढू नये. त्याबरोबर शिक्केही झिजतात. पीव्हीसीच्या पाकिटातही पदक ठेवू नये, प्लास्टिकमधील रसायने धातूला चिकटतात. आम्लविरहित कागदाचे पाकीट उत्तम. आणि पदक कोणाकडून, केव्हा आले हे त्यावर लगेच लिहून ठेवावे. नाव नसलेल्या पदकाचा तेवढाच पुरावा पुढच्या माणसाच्या हाती राहतो.